बूफर नको, शब्द हवेत

केजपासून परळीपर्यंत कुठल्याही गल्लीतून संध्याकाळी जा. ज्या घरचा टीव्ही रस्त्यावर ऐकू येतो, त्या घरात म्हातारं माणूस आहे असं समजावं. आणि एवढं करून त्या माणसाला कीर्तनकार महाराज काय बोलले ते कळलेलं नसतं. मला याचा खरंच राग येतो, कारण आमच्या आईचं रोज हेच होतं.

म्हातारपणी कान सगळाच आवाज सारखा गमावत नाही. आधी जातात ते उंच, बारीक स्वर, आणि स, श, च, फ यांची ओळख त्याच पट्टीत, साधारण २,००० ते ८,००० हर्ट्झमध्ये असते. पखवाजाचा घुमारा खालच्या पट्टीतला. तो ऐकू येत राहतो. म्हणून आवाज वाढवला की पखवाज वाढतो, अभंगाचा चरण अंधुकच राहतो. त्यात अशा कानाला मोठा आवाज लवकर बोचतो. आई आधी "काय म्हणाले?" विचारते आणि आवाज वाढवला की "कमी कर रे" म्हणते. शेजारीपाजारी याला हट्ट म्हणतात. तो हट्ट नाही.

दुकानात "म्हाताऱ्या माणसासाठी स्पीकर दाखवा" म्हटलं की भला मोठा बूफर पुढे येतो. नेमकं नको तेच! टीव्ही चपटे झाले तसे बहुतेकांचे स्पीकर खाली नाहीतर पाठीमागे तोंड करून बसले. आपल्या घरात वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. एक शब्द विरायच्या आत दुसरा त्यावर आदळतो. बास उतरवून, ट्रेबल चढवून ठेवावा, तर लाइट जाते आणि आली की आमचा सेट पुन्हा पहिल्यासारखा. ती सेटिंग मेनूत खोल कुठेतरी, बारीक इंग्रजी अक्षरांत.

तेव्हा बूफर बंद करा. छोटा स्पीकर बाजेजवळ, कानाच्या उंचीवर ठेवा. अंतर निम्मं झालं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि शेजाऱ्यांना त्रास होत नाही. फरशीवर सतरंजी टाका. एक कान जास्त अधू असेल तर मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज, लावा. आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथे एकदा तपासून घ्या. कधीकधी कानात नुसता मळ साचलेला असतो.