‘छोटंसं काहीतरी’

“छोटंसं काहीतरी लिहून द्या,” असं संपादक म्हणतात तेव्हा मला शेल्बी फूट आठवतो. मिसिसिपीतल्या ग्रीनव्हिलचा हा कादंबरीकार. १९५४ साली न्यूयॉर्कच्या रँडम हाउसच्या बेनेट सर्फने त्याला असंच काहीसं सुचवलं: अमेरिकन यादवी युद्धाचा एक आटोपशीर इतिहास, दोनेक लाख शब्दांचा. फूट तेव्हा सदतीस वर्षांचा. पाच पुस्तकं नावावर, त्यातली ‘शायलो’ ही कादंबरी याच युद्धावरची. म्हणजे काम तसं ओळखीचं. तो बसला लिहायला आणि उठला वीस वर्षांनी.

तीन खंड आले, १९५८, १९६३ आणि १९७४ मध्ये. पानं जवळजवळ तीन हजार, शब्द बारा लाखांच्या वर. प्रत्यक्ष युद्ध चारच वर्षांत आटोपलं होतं. लढणाऱ्यांना टाकाने लढायचं नव्हतं, म्हणून जमलं.

कारण फूट लिहायचा टाकाने. दौतीत बुडवायचा, चार शब्द लिहायचे, पुन्हा बुडवायचा, टीपकागद दाबायचा. दिवसाला पाचशेच्या आसपास शब्द. आजोबांच्या खणात सापडलेला टाक घेऊन एकदा मीही बसलो. दोन ओळी झाल्या, तिसरी लेंग्यावर उतरली. पण एक कळलं: टाक दौतीपर्यंत जाऊन येईस्तोवर पुढचं वाक्य आपोआप तपासलं जातं. त्या फेरीत निम्मी विशेषणं गळून पडतात.

गंमत म्हणजे या युद्धकाराने लढाई पाहिलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यात कॅप्टन होता. छावणी उत्तर आयर्लंडमध्ये आणि प्रेयसी बेलफास्टमध्ये. तिला भेटायला जाताना प्रवासाच्या नोंदीत खोटं लिहिलं, म्हणून कोर्ट मार्शल होऊन नोकरी गेली. पुढे त्याने इतिहास लिहिला त्यात तळटीपा नाहीत. नोंदी म्हटलं की त्याच्या पोटात तेव्हापासूनच गोळा येत असावा!

आपल्याकडे इतिहासातून कादंबरीकडे जाणाऱ्यांची रीघ आहे. हा गडी उलट्या दिशेने आला आणि येताना कल्पनाशक्ती दाराबाहेर ठेवून आला. संवाद रचायचे नाहीत, प्रसंग घडवायचे नाहीत. फक्त सांगायचं कसं, तेवढं कादंबरीचं. रणभूमी पाहायला तो लढाई झाली त्याच ऋतूत जायचा. शायलोची लढाई एप्रिलमधली, तर तिथे एप्रिलमध्येच जायचं. तेव्हा झाडांना पालवी किती होती आणि पायाखाली चिखल कसा होता, ते बघायला.

मात्र एक खोड गेली नाही. कादंबरीकार पात्राच्या प्रेमात पडतो, तसा हा दक्षिणेच्या नेथन बेडफर्ड फॉरेस्टच्या प्रेमात पडला. हा घोडदळाचा सेनापती युद्धाआधी गुलामांचा व्यापारी होता आणि युद्धानंतर कु क्लक्स क्लॅनचा म्होरक्या. या युद्धाने दोनच अस्सल प्रतिभावंत दिले, एक लिंकन आणि दुसरा फॉरेस्ट, असं फूट सांगत राहिला. ज्या गुलामगिरीपायी एवढा रक्तपात झाला, ती त्याच्या तोफांच्या धुरात बरीच झाकोळली. तळटीप नसली तरी चालेल. बेड्यांचा आवाज ऐकू यायला हवा होता.

१९९० साली केन बर्न्सच्या माहितीपटात पांढऱ्या दाढीचा फूट मऊ दक्षिणी आवाजात गोष्टी सांगू लागला आणि त्र्याहत्तराव्या वर्षी घराघरांत पोचला. लोकांना वाटायचं, हे आजोबा स्वतः त्या युद्धात होते. वीस वर्षं मुक्काम केल्यावर तसं वाटणारच.

संपादकांनी मला चारशे शब्द सांगितले होते. साधारण तेवढेच झाले आणि तेही वेळेत. म्हणूनच माझा एकही खंड निघालेला नाही.