चौकट आहे तिथून आत या

फ्रेमवर्कला मराठीत चौकट म्हणतात आणि चौकट म्हटली की दार आलेच. माझे म्हणणे एवढेच की वेब फ्रेमवर्कचे आतले वागणे बदलायचे असेल तर आधी ते दार शोधावे, पहार नंतर. जँगोचेच घ्या. 2005 साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीतून तो बाहेर आला. गिटारवादक जँगो राइनहार्टवरून त्याचे नाव ठेवले. इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला एक ‘डी’ येतो, पण तो मुका. अशा घरात वाढलेल्या जँगोच्या वापरकर्त्याला नावासाठी खाने दोनच, पहिले नाव आणि आडनाव. वडिलांचे नाव कॅन्ससमध्ये कोणी विचारत नसावे. आपल्याकडे त्यावाचून शाळेचा दाखलाही मिळत नाही. मग ‘सुरेश दत्तात्रय’ हे पहिल्याच खान्यात कोंबले जाते आणि दिवाळीच्या सवलतीची मेल ‘प्रिय सुरेश दत्तात्रय’ अशी सुरू होते. वाचणाऱ्याला वाटते, कोर्टाचे समन्स आले.

यावर एक शूर उपाय म्हणजे जँगोच्या मूळ फायलीतच तिसरा खाना घुसडणे. लॅपटॉपवर तो झकास चालतो. सर्व्हर मात्र पुढच्या वेळी जँगोची कोरी प्रत आणून बसवतो आणि दत्तात्रय जागच्या जागी गुप्त होतात. वास्तविक दार 2013 पासून, 1.5 या आवृत्तीपासून, उघडे आहे: जँगोच्या तयार वापरकर्त्याचा वारसा घेऊन आपला वापरकर्ता लिहायचा, त्यात मधल्या नावाचा खाना घालायचा आणि सेटिंगमध्ये एका ओळीत त्याचा पत्ता द्यायचा. “पण आज गरज नाही, तर उगाच कशाला?” हा आक्षेप रास्त वाटतो, एरवी मीही तो घेतला असता. इथे मात्र हिशोब उलटा आहे. पहिल्या दिवशी हे काम चार ओळींचे. एकदा टेबले तयार झाली की ऑर्डरी, पत्ते, तक्रारी सगळ्यांचे धागे जुन्या वापरकर्त्याला बांधले जातात आणि मग ते हाताने सोडवत बसायचे. लग्नानंतर आडनाव बदलून आधार, पॅन, पासपोर्ट आणि गॅसचे पुस्तक घेऊन हिंडलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. जँगोवालेही म्हणूनच सांगत आले की नव्या कामात, तयार वापरकर्ता पुरत असला तरी, आपला वेगळा करून ठेवा.

दार सापडले म्हणजे पहारा बसला, असे मात्र नाही. मोबाइल नंबरातली मोकळी जागा काढायचा नियम ‘सेव्ह’मध्ये लिहिला की माणूस निर्धास्त होतो. मग कोणी एका ‘अपडेट’ने हजार नोंदी बदलतो. हा हुकूम थेट डेटाबेसला जातो. ‘सेव्ह’ला कोणी विचारत नाही, सिग्नलची घंटाही वाजत नाही. हा फ्रेमवर्कचा दोष का? मला नाही वाटत. हजार नोंदी एकेक करून उंबरठ्यावर ओवाळत बसलो तर वेग संपला, म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे आणि तसे लिहूनही ठेवले आहे. ज्या नियमातून कोणीच सुटू नये असे वाटते तो डेटाबेसच्या बंधनातच घालावा. 2.2 पासून तपासणीचे बंधनही मॉडेलमध्येच लिहिता येते. ते नंबर धुऊन देणार नाही, पण मळका नंबर आतही घेणार नाही.

“फ्रेमवर्क आपल्यासाठी की आपण फ्रेमवर्कसाठी?” असे कोणी तावातावाने विचारील. कबूल, कधी पहार घ्यावीच लागते: चूक मुळातच असते, दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येणार असते आणि गिऱ्हाईक आजच दारात असते. तेव्हा खुशाल ठिगळ लावावे, पण वर तारीख आणि ते कधी काढायचे हे लिहावे. नुसते ‘तात्पुरते’ लिहिले तर त्याचे एसटीच्या तात्पुरत्या थांब्यासारखे होते. आधी पत्र्याची शेड येते, मग शेडखाली चहावाला, आणि थांबा हलवायला गेले की गाव विचारते, “आता चहा कुठे प्यायचा?”