वाणिज्याचा मास्तर समुद्रात

तिरोड्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी पुस्तपालन व लेखाकर्म शिकवतो. डेबिट म्हणजे काय आणि क्रेडिट म्हणजे काय, हे निम्म्या तालुक्याला माझ्याकडून कळलेलं आहे. त्यामुळे आम्हा सहकाऱ्यांची सहकुटुंब सिंगापूरला जायची आणि तिथून क्रूझवर चढायची टूम निघाली, तेव्हा अर्थखातं माझ्याकडे आलं. ते मला कोणी दिलं नव्हतं, मीच घेतलं.

आमच्या जहाजावर दुकानात नोटा चालत नव्हत्या. चढताना एक कार्ड मिळतं. खोलीची किल्ली तेच, ओळखपत्र तेच आणि पाकीटही तेच. रोजचं जेवण तिकिटात असतं. पण शीतपेय, वायफाय, मसाज, फोटो हे सगळं कार्डावर चढत जातं. कर्मचाऱ्यांची बक्षिसीसुद्धा माणशी, दर रात्रीच्या हिशेबानं आपोआप चढते. हे सगळं फेडणार कसं, ते मात्र आधीच सांगावं लागतं : क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, फॉरेक्स कार्ड की रोख अनामत?

गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस सुटली आणि मी तास घेतला. परदेशात क्रेडिट कार्ड वापरलं की बऱ्याच बँका दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. ‘‘म्हणजे शंभराची वस्तू एकशे चार रुपये तेरा पैशांना! फॉरेक्स कार्डात डॉलर आधीच भरलेले, दर ठरलेला. शहाण्यानं तेच द्यावं. आणि रोमिंगवर पैसे घालवू नका.’’

आमच्या कार्यालयातले लिपिक भाऊ खिडकीशी चिवडा खात होते. म्हणाले, ‘‘सर, मी तं क्रेडिट कार्डच देऊन राहिलो. कटकट नाही.’’ मला त्यांची कीव आली.

जहाजाच्या नोंदणीच्या काउंटरवरच्या मुलीनं माझं फॉरेक्स कार्ड हातात घेऊन काहीतरी सविस्तर समजावलं. त्यात ‘होल्ड’ हा शब्द दोनदा आला. वर्गात न समजलेली मुलं मान हलवतात तशी मी हलवली.

मग खर्च सुरू झाला. गावात किराण्याच्या वहीवर उधारी असते, धानाचे चुकारे झाले की फिटते. पण तिथला दुकानदार मध्येच चष्मा वर करून ‘‘गुरुजी, मागचे राहिले हो’’ म्हणतो. जहाजावर असं म्हणणारं कोणी नाही. यंत्र नुसतं टक् करतं आणि समोरचा हसतो. जिन्याजिन्यावर फोटोग्राफर उभे. एका फोटोत मी पोट आत ओढलेलं, डोळे मिटलेले आणि हिची मान भलतीकडे. तोही आम्ही घेतला. टक्.

शेवटच्या रात्री हिशेब आला. तो वाचताना माझ्या डोक्यात एक योजना चमकली. खिशात रोख सिंगापूर डॉलर होते. उरले तर परत विकताना दर कमी मिळणार. म्हणून बिल रोखीनं भरलं, पावती घेतली आणि कार्डातले डॉलर सिंगापूर शहरासाठी शाबूत ठेवले. निदान माझा तसा समज होता.

दुसऱ्या दिवशी सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर तिकिटांच्या खिडकीवर कार्ड नाकारलं गेलं. परत लावलं, परत नाकारलं. मागे रांग, पुढे आमची मंडळी. जहाजानं पहिल्याच दिवशी अंदाजे रक्कम अडवून ठेवली होती. बिल रोखीनं दिलं म्हणून अडवलेले पैसे लगेच सुटत नाहीत. ते बँकेच्या सवडीनं, काही दिवसांनी सुटतात. क्रेडिट कार्डावर असं झालं तर उधारीची मर्यादा अडकते, फॉरेक्स किंवा डेबिटवर आपला रोकडा पैसा अडकतो. म्हणून तर ही कार्डं अशा ठिकाणी देऊ नका, असं बँकाच सांगतात.

पाकिटात एक क्रेडिट कार्डही होतं. पण परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो. 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तो सुरू करायला ॲप, ॲपला ओटीपी आणि ओटीपीला रोमिंग. रोमिंग माझ्याच सल्ल्यानं कोणी घेतलं नव्हतं, अपवाद एकच.

तो अपवाद पुढे झाला. ‘‘सर, असू द्या. मारतो ना मी.’’

पुढचे दोन दिवस आमची तिकिटं, जेवणं, मेट्रो, सगळं लिपिक भाऊंच्या कार्डावर. दुकानात ही मोठ्यानं म्हणायची, ‘‘भाऊजी, आमच्या सरांची पाण्याची बाटली लावा तुमच्यातच.’’ वर्गातली मुलं हे ऐकायला नव्हती, एवढंच समाधान.

अडवलेले डॉलर सुटले तेव्हा मी तिरोड्यात चाचणी परीक्षेचे पेपर तपासत होतो. ते रुपयांत परत करून घेताना दर कमी मिळाला तो मिळालाच. त्याच आठवड्यात लिपिक भाऊंनी टेबलावर हिशेबाचा कागद ठेवला. सुरेख अक्षर, तारीखवार नोंदी आणि खाली मी गाडीत शिकवलेलं सूत्र : मुद्दल, त्यावर साडेतीन टक्के, त्यावर 18 टक्के. पैशाचीही चूक नाही. इतका तयार विद्यार्थी मला आजवर मिळालेला नाही.

मुद्दल आणि मार्कअप मी त्याच दिवशी दिलं. जीएसटी मात्र पक्की पावती दाखवल्याशिवाय देणार नाही असं कळवलंय. शेवटी तत्त्व म्हणून काही असतं.