बालवीरपिता

जन्म देणारा, मुंज लावणारा, विद्या देणारा, अन्न घालणारा आणि भयापासून राखणारा असे पाच प्रकारचे पिते आपल्या शास्त्रकारांनी गणून ठेवले आहेत. परंतु त्या काळी न्हावा-शेव्यास बंदर नव्हते, बंदरास वसाहत नव्हती, वसाहतीत शाळा नव्हती आणि शाळेत स्काउटचे पथकही नव्हते, त्यामुळे मुलाच्या बाहीवर बॅज चढावा म्हणून रात्र रात्र जागून स्वतःच दोरीच्या गाठी मारीत बसणारा सहावा पिता त्यांच्या दृष्टीस पडला नाही, यात त्यांचा फारसा दोष नाही. हा सहावा म्हणजे बालवीरपिता. तो महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो, पण बंदराच्या खाऱ्या हवेत त्याची वाढ विशेष जोमाने होते, असे माझे निरीक्षण आहे. आणि ते निरीक्षण मला घरबसल्या करता येते, कारण त्याचा एक अव्वल दर्जाचा नमुना माझ्या शेजारीच राहतो.

हे गृहस्थ एका कस्टम हाऊस एजंटाच्या कचेरीत मुख्य कारकून आहेत. सन १९८९ च्या मे महिन्यात हे बंदर सुरू झाल्यापासून, परदेशाहून आलेली पेटी किती दस्तऐवजांच्या फेऱ्यांतून पार पडली म्हणजे फाटकाबाहेर जाते, हे ज्यांना संध्येप्रमाणे मुखोद्गत झाले आहे अशा मंडळींपैकी ते एक. बिल ऑफ एंट्री, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, डिलिव्हरी ऑर्डर, आणि सरतेशेवटी अधिकाऱ्याने 'आऊट ऑफ चार्ज' दिला की माल मोकळा! अशा मनुष्याच्या हाती चिरंजीवांच्या शाळेतून एक छापील तक्ता आला, आणि त्यात प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार अशी चढती भाजणी, प्रत्येक पायरीपुढे परीक्षकाच्या सहीची रिकामी चौकट आणि तिच्याही पुढे तारखेचा रकाना त्यांनी पाहिला, तेव्हा त्यांना समोर उभा असलेला मुलगा क्षणभर दिसेनासा होऊन त्याच्या जागी फाटकाशी अडकलेला चाळीस फुटी कंटेनर दिसला असल्यास नवल नाही. त्याच सायंकाळी घरात एक निळी बॉक्स फाइल आली. तीत प्रत्येक दाखल्याची मूळ प्रत, साक्षांकित प्रत आणि साक्षांकित प्रतीची छायाप्रत अशी तिहेरी व्यवस्था झाली, आणि एखाद्या सोपानावर सरांची सही पडली की ते घरी येऊन सौभाग्यवतींस "ओओसी झालं गं" एवढेच सांगू लागले.

या चळवळीचा इतिहास त्यांनी चिरंजीवांकडून पाठ करून घेण्यासाठी प्रथम स्वतः पाठ केला, आणि चिरंजीव तो पुढे विसरले तरी यांना तो अद्याप येतो. देशातील निरनिराळ्या स्काउट संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी एक होऊन 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' ही संस्था झाली, तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त पंडित हृदयनाथ कुंझरू, हे ते जिन्यात भेटले तरी सांगतात. मात्र संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या चरित्रातील एक गोष्ट ते सहसा सांगत नाहीत. त्यांचा जन्म १८५७ चा आणि त्यांचे वडील १८६० मध्ये वारले. म्हणजे जगातील पहिल्या स्काउटास बालवीरपिता नव्हता. पुढे १९०७ च्या ऑगस्टात ब्राउन्सी बेटावर त्यांनी वीसएक मुलांचे पहिले शिबिर भरविले, तेव्हाही बेट निवडताना आईबापांना तेथे सहजासहजी पोहोचता येऊ नये असा काही हेतू त्यांच्या मनात असावा, अशी मला शंका आहे. ही शंका मी शेजाऱ्यांपाशी एकदा बोलून दाखविली. ते म्हणाले, "पण त्यांची आई होती ना खंबीर!" हे मात्र खरे आहे. त्या माउलीने मुलांच्या उत्कर्षासाठी नवऱ्याचे नाव आडनावास जोडून सबंध कुटुंबाचे आडनाव भारदस्त करून घेतले होते. म्हणजे जागा रिकामी होती, पण कामकाज तुंबले नव्हते.

स्काउटाने रोज एक सत्कृत्य करावे असा नियम आहे. स्कार्फच्या टोकाला सकाळी गाठ मारावी आणि सत्कृत्य घडले म्हणजे ती सोडावी, अशी त्याची जुनी युक्ती. चिरंजीवांच्या सत्कृत्यांची नोंदवही शेजाऱ्यांनी मला एका रविवारी मोठ्या अभिमानाने दाखविली. अक्षर वळणदार होते, आणि ते चिरंजीवांचे नव्हते. सोमवारी वसाहतीतील वाहता नळ बंद केला. मंगळवारी वाट चुकलेल्या ट्रेलरचालकास करळ फाट्याचा रस्ता दाखविला. बुधवारी पाणजे येथील पाणथळीत पक्ष्यांस दगड मारणाऱ्या मुलांस परावृत्त केले. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की या नोंदी होऊन गेलेल्या आठवड्याच्या नसून येणाऱ्या आठवड्याच्या आहेत. मी तसे विचारताच ते यत्किंचितही विचलित झाले नाहीत. "जहाज धक्क्याला लागायच्या आधी बिल ऑफ एंट्री दाखल करता येतं," ते म्हणाले, "मग हे का नाही?" शुक्रवारच्या रकान्यात 'शेजारील आजारी वृद्धास औषध आणून दिले' अशी नोंद होती. हे वृद्ध कोण, अशी मी चौकशी केली. त्यावर त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. सरकारी दप्तर खोटे पडू नये म्हणून त्या शुक्रवारी मी प्रकृती उत्तम असताही घराबाहेर पडलो नाही, आणि चिरंजीवांनी आणून दिलेली खोकल्याची बाटली अजून माझ्या कपाटात सीलबंद आहे.

खरी कमाई या प्रकरणातही हेच. मुलाने लोकांची लहानसहान कामे करून चार पैसे कष्टाने मिळवावेत असा त्या उपक्रमाचा उद्देश; येथे वडील मुलाकडून स्वतःची स्कूटर पुसून घेत, त्याचे दाम देत, आणि देताना पावती मागत.

गाठींचे प्रकरण थोडे निराळे आहे. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन, शीट बेंड या गाठींचा एक रंगीत तक्ता त्यांनी भिंतीवर लावला होता आणि त्याखाली खुर्चीच्या पाठीला नायलॉनची दोरी बांधून पितापुत्रांची तालीम चाले. रीफ नॉट मारताना उजवे टोक डाव्यावर आणि मग डावे उजव्यावर आणावयाचे असते. हे दोनही वेळा उजवेच वर आणीत, आणि झालेली गाठ ओढताच सुटे. शीट बेंडपाशी तर तीन संध्याकाळी नुसत्या वादात गेल्या. त्या वेळी योगायोगाने आजोबा आले होते. बंदरासाठी मूळचा शेवा कोळीवाडा उठला तेव्हा उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात जाऊन राहिलेली आणि तेव्हापासून घराच्या लाकडांतील वाळवीशी झुंजत आलेली जी पिढी आहे, तिच्यापैकी ते. ट्रेलरपेक्षा होडीवर ज्यांचा विश्वास अधिक, अशांपैकी. बराच वेळ त्यांनी हा प्रकार मुकाट्याने पाहिला. मग दोरी हातात घेतली, एका टोकाची मुडप धरली, दुसरे टोक तिच्यातून वर काढून मागून फिरवले आणि स्वतःच्याच खाली दाबले. हे करीत असताना त्यांची नजर दूरदर्शनवरील बातम्यांवर होती. "ही तर जाळ्याची गाठ," ते म्हणाले, "आख्खं जाळं हिच्यावरच असतं." आणि खरोखरच जाळ्याच्या प्रत्येक घरट्याच्या कोपऱ्यात जी गाठ बसते ती हीच. चिरंजीव सरकून आजोबांच्या गुडघ्याशी बसले आणि पाऊण तासात चारही गाठी शिकले. बालवीरपित्याने तेवढ्या वेळात एकच प्रश्न केला: आजोबांना परीक्षक म्हणून सही करता येईल काय? नियमात तशी तरतूद नसल्याचे कळल्यावर त्यांचा त्या विद्येतील रस बराच कमी झाला.

होकायंत्राच्या अभ्यासासाठी ते मुलास घेऊन कंटेनर यार्डाच्या कुंपणाशी गेले, कारण तेथे मोकळी जागा होती. सहा-सहा पेट्या एकावर एक रचलेल्या त्या पोलादी भिंतीजवळ चुंबकसूचीने उत्तर दिशा पाच पावलांगणिक निरनिराळी दाखविली, तेव्हा त्यांनी यंत्र सदोष ठरवून दुकानदाराकडून बदलून आणले, आणि नवे यंत्रही त्याच कटात सामील असल्याचे पाहून ते थक्क झाले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, सूर्य घारापुरीकडे बुडतो, तिकडे पश्चिम. मग उत्तर ही इकडे." एवढे बोलून ते क्रिकेट खेळावयास गेले.

परंतु या सबंध तपश्चर्येचा कळस म्हणजे बिनभांड्याचा स्वयंपाक. स्काउटाने तवा, पातेले, कढई यांच्या साहाय्याविना अन्न शिजवून दाखवावे, अशी ही चाचणी. दिवस पौषातले होते, वालाच्या शेंगा भरल्या होत्या, आणि अशा दिवसांत रायगड जिल्ह्यातील कोणत्याही विचारी मनुष्याच्या मनात जे येईल तेच शेजाऱ्यांच्या मनात आले: पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालावा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी यांचे थर द्यावेत, मधून मधून ओवा आणि जाडे मीठ पेरावे, पाल्यानेच तोंड गच्च बंद करून मडके उपडे घालावे, भोवती गवत-गोवऱ्या रचून जाळ करावा, आणि मडक्यावर पाण्याचा शिपका मारताच तो चर्र होऊन उडून गेला की पोपटी झाली असे समजावे. पाण्याचा थेंब न घालता शिजणारे हे अन्न ज्याने हिवाळ्याच्या रात्री शेताच्या बांधावर बसून खाल्ले आहे, त्याला बाकीच्या स्वयंपाकाविषयी फार बोलावेसे वाटत नाही. मीही येथे आवरते घेतो. सरांनी मात्र एकच शंका काढली: "पण मडकं हे भांडंच ना?"

दुसरा एखादा पिता येथे थांबला असता. यांनी रजा टाकली आणि नऊ पानांचा अर्ज लिहावयास घेतला. त्यातील युक्तिवाद मी ऐकला आहे व तो लेचापेचा नव्हता. भांडे उताणे असते, मडके उपडे आहे. भांड्यात पाणी घालतात, येथे ते वर्ज्य आहे. अन्न पाल्यात शिजते, सबब मडके हे केवळ वेष्टन होय; आणि मालासोबत आलेले नेहमीचे वेष्टन मालाच्याच वर्गात मोजावे असा सीमाशुल्काच्या वर्गीकरणाचा सर्वमान्य नियम आहे, त्याअर्थी मडके हे कोंबडीच्याच वर्गात मोजले पाहिजे. एवढे लिहून, अर्जास आधार असावा म्हणून त्यांनी शुल्काचे दरपत्रक उघडले. मातीच्या भाजलेल्या वस्तूंचे प्रकरण ६९ वे. त्यात ६९१२ या शीर्षकाखाली, चिनी मातीखेरीज इतर मातीची, जेवणाच्या मेजावरील व स्वयंपाकघरातील भांडी असा स्पष्ट उल्लेख त्यांना आढळला. आयुष्यभर ज्या ग्रंथावर श्रद्धा ठेवली त्यानेच असा घात करावा! त्या रात्री ते जेवले नाहीत, असे सौभाग्यवती सांगत होत्या. इकडे चिरंजीवांनी सकाळी पथकाच्या मुलांबरोबर मैदानात खड्डा खणला, बटाटे आणि अंडी ओल्या मातीत लिंपून निखाऱ्यात पुरली, बोटे थोडी भाजून घेतली, आणि एक बटाटा सरांना, एक स्वतःला असे वाटप करून सही मिळविली. पोपटी नंतर आम्ही सर्वांनी मिळून लावली. तिला सहीची आवश्यकता नव्हती.

राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिरात पालकांना प्रवेश नव्हता. फाटकाबाहेर वडाच्या सावलीत जो पितृवर्ग जमला होता त्यात आमचे शेजारी आपल्या निळ्या फाइलसह अग्रभागी होते. तेथे दहावीच्या वाढीव गुणांविषयी बरीच कुजबुज चालली होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्यास आपण गुणांसाठी नव्हे तर संस्कारांसाठी आलो असल्याचे बजावीत होता. दर तासाने कोणीतरी कुंपणापाशी जाऊन "पाणी पी रे!" असे ओरडून येई. त्यांच्या त्या आरोळ्यांनी परीक्षकांची एकाग्रता भंगत असल्याचे शिक्षकांनी दोनदा येऊन सांगितले, तिसऱ्यांदा ते आले तेव्हा त्यांनी हात जोडले, आणि आमच्या शेजाऱ्यांस बाजूला घेऊन अतिशय गोड शब्दांत सुचविले की, "साहेब, तुमची एवढी तळमळ आहे, तर तुम्हीच स्काउटमास्टरचा बेसिक कोर्स का करीत नाही?"

ही सूचना त्या शिक्षकांनी सद्भावनेने केली की आत्मसंरक्षणार्थ, हे सांगता येत नाही. पण ती लागू पडली. शेजारी आठवडाभर तंबूत राहून आले. रापलेले, घसा बसलेला, गळ्यात स्कार्फ, आणि पुढेमागे हिमालय वुड बॅजसाठी पचमढीस जाण्याची भाषा. फक्त अभ्यासक्रमाचे लॉगबुक तेवढे अपुरे राहिले होते आणि ते सोमवारी पाठवावयाचे होते. रविवारी रात्री साखर मागावयास मी त्यांच्याकडे गेलो, तो चिरंजीव टेबलाशी बसून त्या लॉगबुकात तंबूची आकृती काढीत होते आणि वडील पाठीशी उभे राहून घड्याळाकडे पाहत होते. चिरंजीवांच्या कोपराशी त्यांची स्वतःची खरी कमाईची वही उघडी होती. तीत 'वडिलांचे लॉगबुक, आकृत्यांसह, ५० रुपये' अशी नोंद, आणि पुढच्या रकान्यात 'येणे बाकी' असा शेरा होता.

"अरे, गाठींच्या आकृत्याही यातच धरल्यास ना?" वडिलांनी विचारले.

"नाही बाबा, त्या वेगळ्या," चिरंजीव मान वर न करता म्हणाले, आणि मला पाहताच त्यांनी वही माझ्यापुढे सरकविली. साक्षीदाराच्या सहीची चौकट रिकामी होती.