सावलीचे लेखाशीर्ष

तालुक्याच्या गावी नवी प्रशासकीय इमारत उभी राहिली. तिथली जुनी झाडे नकाशात आडवी येत होती, म्हणून ती जागेवरच आडवी करण्यात आली. आता इमारतीभोवती झाडे कुठे लावायची हे ठरवायला समिती बसली आहे.

बांधकाम विभाग म्हणाला, भिंतीपासून लांब लावा. मुळे पायात शिरतात. खरेच आहे. पिंपळाला तर सरकारी गिलावा इतका मानवतो, की तो न लावताही गच्चीवर उगवतो. पाणीपुरवठ्याने दक्षिणेची बाजू बाद केली. तिथून पाइपलाइन जाते. नेमकी कुठून, ते ती फुटल्यावर कळते. उत्तरेला तारा आहेत. वायरमन म्हणाला, "लावा की! पावसाळ्याआधी दरवर्षी आम्ही निम्मं छाटूच." दर्शनी बाजूला ध्वजस्तंभ आणि कोनशिला. कोनशिलेवर ज्यांची नावे आहेत त्यांचा झाडाला विरोध नाही, फक्त ते वाढण्याला आहे. उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसले आहेत आणि त्यांचे बिलही निघाले आहे.

एका निवृत्त वनपालांना सल्ल्यासाठी बोलावले होते. ते म्हणाले, "साहेब, दाखल्याच्या खिडकीपुढची रांग पश्चिमेला लागते. दुपारी तीनचं ऊन तिथं थेट तोंडावर येतं. भिंतीपासून अंतर सोडून करंज, कडुनिंब लावा. बुंध्याभोवती माती तेवढी उघडी ठेवा." समितीने सल्ल्याची नोंद घेतली. पश्चिमेला वाहनतळ आहे. साहेबांच्या गाडीसाठी पत्र्याची शेड मंजूर आहे. रांगेला सावली द्यायला लेखाशीर्ष नाही.

समितीने उन्हाचा विचारच केला नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. वृक्षारोपणाचे पाहुणे सकाळी दहाला येणार. त्या वेळी चेहऱ्यावर उजेड हवा, तर तोंड पूर्वेला हवे. तोंड पूर्वेला, तर फोटोग्राफर समोर हवा. आणि दोघांच्या मध्ये खड्डा. जागा ठरली ती अशी. रोप जगायला पाच वर्षे लागतील, फोटोला पाच सेकंद पुरतात. ज्याचे काम लवकर होते त्याला प्राधान्य, हा प्रशासनाचा नियमच आहे.

जगण्याचा हिशेब तसाही अवघड. राज्याने 2016 साली 2 कोटी, 2017 साली 4, 2018 साली 13 आणि 2019 साली 33 कोटी झाडे लावायचे उद्दिष्ट ठेवले. आकडा देवांच्या संख्येला भिडल्यावर झाडेही देवांसारखीच मानायची: दिसली नाहीत, तरी आहेत.

शेवटचा विषय फाटकालगत उरलेल्या जुन्या कडुनिंबाचा. त्याच्याखाली अर्ज लिहिणारे, स्टॅम्पवाले आणि तारखेला आलेला अर्धा तालुका बसतो. नियोजित कमानीला तो अडतो. पण 2021 च्या कायदा दुरुस्तीनुसार शहरी हद्दीतले झाड तोडले, तर त्याचे वय जितके तितकी रोपे लावावी लागतात. कडुनिंब साठीचा निघाला. एका खड्ड्यासाठी इतक्या बैठका घेणाऱ्या समितीला आता साठ खड्ड्यांची जागा शोधायची आहे. तिला एकमताने मुदतवाढ मिळाली.

पुढची बैठक कडुनिंबाखाली आहे. नव्या सभागृहात दुपारी फार उकडते.