मामाचं शेततळं आणि कृष्णराजाचा मुरूम

ज्याचा मामा वेरूळच्या लेण्यांशेजारी राहतो, त्याला वेरूळ सहजासहजी पाहायला मिळत नाही. जपानहून आलेला प्रवासी सकाळी कैलास पाहून दुपारी अजिंठ्याचं विचारायला लागतो. भाच्याला मात्र आधी मामाचं शेततळं पाहावं लागतं.

दरवर्षी मे महिन्यात आम्ही ठाण्याहून देवगिरी एक्स्प्रेसनं पहाटे संभाजीनगरला उतरतो. मामा जीप घेऊन हजरच असतो. दौलताबादचा किल्ला आला की मुलं काचेला नाक लावतात, आणि नेमकं तेव्हाच मामा उलट्या बाजूला बोट दाखवतो, "ते पाहिलं का पोरांनो? ठिबकचं नवं दुकान झालं!"

मामाचं गाव खुलताबाद तालुक्यात. इतर गावांतला मारुती बहुधा उभा असतो. खुलताबादचा भद्रा मारुती निजलेला आहे. शास्त्र काय सांगायचं ते सांगो. पारा ४२ वर असताना ज्यानं मामीच्या आग्रहानं येसर, भात आणि वर वाटीवर वाटी आमरस रिचवून लिंबाखालच्या बाजेवर पाठ टेकली आहे, त्याला कारण विचारावं लागत नाही. दुपारी एक ते चार मामाच्या वाड्यात सगळे भद्रा मारुतीच.

मामीचा आग्रह जेवणापुरता नसतो. गावात टँकर येतो, पण ते पाहुण्यांना कळू द्यायचं नाही हा तिचा बाणा. "आंघोळीला चांगल्या दोन बादल्या घ्या बरं, लाजू नका," असं ती अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. मोरीचं पाणी कुठं जातं ते बायकोनं पहिल्याच दिवशी हेरलं. ते थेट परसातल्या पपईच्या आळ्यात जातं. आम्ही आलो की चार दिवसांत पपई टवटवीत होते. दुसऱ्या बादलीचा आग्रह जावयासारखा आमचा होतो की पपईचा, हे विचारायची कुणाची छाती नाही.

आणि मग शेततळं. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली आणि मामानं मागितलं. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, आत काळी पन्नी, भोवती तारेचं कुंपण. या पाण्यावर त्याची केशर आंब्याची बाग उभी आहे. मामा आम्हाला रोज संध्याकाळी काठावर उभं करतो आणि पाणी किती बोटं उतरलं ते दाखवतो. आम्हीही गंभीर चेहऱ्यानं "उतरलं खरं" म्हणतो. मुलानं एकदा धीर करून विचारलं, "मामाआजोबा, कैलास याच्याहून मोठा आहे का?"

"असंल," मामा म्हणाला. "पण त्यात पाणी थांबतं का?"

लेण्यांचा विषय निघाला की मामा कधी नाही म्हणत नाही. "मंगळवारी नेतो," म्हणतो. मंगळवारी वेरूळ बंद असतं, हे त्याला पोथीसारखं पाठ आहे.

यंदा मुलांनी उपोषणाची धमकी दिली, तीही आमरसाच्या ताटावर. मामी हादरली आणि बुधवारी सकाळी मामाला जीप काढावी लागली.

गाइड हुशार होता. एकूण ३४ लेणी. १२ बौद्ध, १७ हिंदू, ५ जैन. सोळावं लेणं कैलास, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. अखंड डोंगर, आधी कळस आणि मग पाया, असं वरून खाली कोरत आणलेलं. मामा डोक्यावर उपरणं घेऊन हत्तीच्या सावलीत उभा होता, नजर घड्याळावर. तेवढ्यात गाइड म्हणाला, "दोन लाख टन दगड काढला असं सांगतात."

मामा सावलीतून बाहेर आला.

"टाकला कुठं?"

"जी?"

"दोन लाख टन. टाकला कुठं? माझ्या तळ्याचा मुरूम बांधावर हातभर सरकला, तर चुलतभाऊ तहसीलला गेला. तीन वर्षं झाली, तारखा चालूच आहेत. यांनी डोंगर उपसला अन् भावकीतलं कुणी बोललं नाही?"

असा प्रश्न गाइडला आजवर कुठल्याही पर्यटकानं विचारला नसावा. त्यानं इतिहासाचा आधार घेतला. म्हणाला, "त्याचं काय आहे काका, आधी दंतिदुर्ग राजा होता. हा कृष्ण त्याचा चुलता. पुतण्यानंतर राज्य चुलत्याकडे आलं."

मामाचा चेहरा उजळला. "मग असं सांगा ना! पुतण्या गेला अन् सगळा सातबारा चुलत्याच्या नावावर चढला. बांधाला हिस्सेदारच नाही, तर हरकत घेणार कोण?"

गाइड हसला आणि हळूच म्हणाला, "काका, आमचीबी मोजणी अडकलीय." मग दोघं पायरीवर बसले. कोणता वकील, किती फी, नकाशा कुठून काढायचा. कैलास आमचा आम्हीच पाहिला, आणि गाइडनं पैसे घेतले नाहीत.