माल कोणाचा?

घराला रंग द्यायचं ठरलं तरी बार्शीटाकळीत रंगाचा विषय बऱ्याच उशिरा निघतो. आधी पेंटर अंगणात उभा राहून वर स्लॅबच्या कडेकडे बघतो. मग भिंतीवर बोटाची टिचकी मारतो. पोपडा खाली पडला की तो मीच पाडला असावा अशा नजरेनं माझ्याकडे बघतो, आणि मग विचारतो, "सर, माल तुमचा का माहा?"

माल त्याचा म्हणजे गुत्ता. चौरस फुटाचा एक भाव ठरवायचा आणि पुट्टी, प्रायमर, रंग, सँडपेपर सगळं त्याच्यावर सोपवून आपण ओट्यावर पेपर वाचत बसायचं. माल आपला म्हणजे नुसती मजुरी. मग दुकानात आपण जायचं, उधारी आपण सांगायची आणि "एक बकेट कमी पडते, सर" हे नेमकं जेवायला बसल्यावर ऐकायचं. गुत्ता दिला की पेंटरला पाण्याची फार माया येते. इमल्शन इतकं सैल होतं की दुसऱ्या हातानंतरही मागच्या दिवाळीचा गुलाबी रंग खालून डोकावतो. मजुरीवर दिलं की तोच माणूस पाण्याला शिवत नाही. गुत्त्याचा रंग पातळ आणि मजुरीचा जाड. मधला अजून कोणत्याही कंपनीनं काढलेला नाही.

माझा भाचा इंग्लंडात राहतो. त्याच्याकडे हीच पंचाईत वेगळ्या तऱ्हेनं आली. तिकडे एकाच कंपनीचा रंग दोन अवतारांत मिळतो: एक साध्या गिऱ्हाइकासाठी, दुसरा कारागिरांसाठी, आणि त्याच्या डब्यावर 'ट्रेड' असं छापलेलंच असतं. हा दुसरा बहुतेक वेळा जास्त दाट असतो, भिंत लवकर झाकतो, आणि कारागिराला दुकानदार त्यावर सूट देतो. भाच्याचा प्रश्न असा, की पेंटरला ट्रेडचा डबा आणू द्यावा, की आपण दुकानातून साधा आणून पैसे वाचवावेत? मी त्याला फोनवर म्हटलं, बाबा, आमच्याकडे हा भेद डब्यावर छापत नाहीत, डब्यात टाकतात.

म्हणजे टोकन. रंगाच्या बकेटचं झाकण उघडलं की पेंटरसाठी कंपनीनं ठेवलेलं टोकन निघतं. ते दुकानदाराकडे दिलं की रोख पैसे. अलीकडे त्याची जागा स्कॅन करायच्या कोडनं घेतली, पैसे मोबाइलवर जमा होतात, पण जीव तोच. कंपनीचा हिशोब सरळ आहे. रंग विकत घेतो घरमालक. कोणता घ्यायचा हे त्याला सांगतो पेंटर. तेव्हा पेंटरला खूश ठेवा. हे पैसे अर्थातच बकेटच्या किमतीत धरलेले असतात, म्हणजे आपल्याला सल्ला देण्याबद्दलची पेंटरची फी आपणच भरतो, फक्त कंपनीच्या हातून. म्हणूनच झाकण उघडायचा मान पेंटर दुसऱ्या कोणाला देत नाही. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त काकांनी एकदा सकाळी सहालाच उठून स्वतः सगळ्या बकेटा उघडून ठेवल्या होत्या. पेंटर नऊला आला, बकेटांकडे पाहिलं, काही बोलला नाही. त्यानंतर काकांच्या घराचा रंग दसऱ्याला सुरू होऊन तुळशीच्या लग्नापर्यंत चालला.

माझं मत विचाराल तर टोकन त्याला घेऊ द्यावं. एप्रिल-मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेलेला असताना दक्षिणेकडच्या भिंतीला घोडी लावून चढणारा माणूस तो आहे, आपण नव्हे. फक्त "याच कंपनीचा माल चांगला, सर" हे तो कोणत्या टोकनाकडे बघून म्हणतो, एवढं मनाशी समजून असावं.

चुन्याच्या काळात हा घोळ नव्हता. कळीचा चुना पिंपात टाकून पाणी ओतलं की तो रटरटा उकळायचा, पोरांना लांब उभं करायचे. दुसऱ्या दिवशी गाळून त्यात थोडी नीळ, थोडा डिंक, की झाला माल. ना टोकन, ना शेडकार्ड. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत पुन्हा दगडासारखा होत जातो, हे मी पुढे वर्गात शिकवलं. पण भिंतीला टेकलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या पाठीवर तो कसा उतरायचा, हे पुस्तकात नव्हतं. मग डिस्टेंपर आलं आणि दुकानांच्या पाट्यांवर हातात ब्रश घेतलेला, कपाळावर बट लोंबणारा तो खोडकर गट्टू आला. 1942 साली मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी तो 1954 मध्ये काढला. हातात टपटपणारा ब्रश आणि चेहऱ्यावर उद्योग करून ठेवल्याचा भाव, पेंटरचं इतकं खरं चित्र नंतर कोणत्या जाहिरातीत दिसलं नाही. आता दुकानात यंत्र असतं. पांढऱ्या बेसमध्ये ते थेंब मोजून रंग सोडतं, आणि आपण निवडलेली शेड भिंतीवर गेली की घरातली मंडळी म्हणतात, "हा तो नव्हेच."

बरं, एवढी निवड करून रंग टिकतो का, तर ते काळ्या मातीला विचारायचं. वऱ्हाडची ही कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पाया वरवर घेतला असेल तर घरही तिच्याबरोबर वरखाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. पेंटर ती पुट्टीनं भरतो आणि पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा हजर असते. महागाचा रंग, स्वस्ताचा रंग, तिला काही फरक पडत नाही. गावातलं यादवकालीन काळ्या पाषाणाचं देऊळ मात्र उभं आहे. तिथला शिलालेख शके 1098 चा, म्हणजे इ.स. 1176. मी ते उदाहरण दिल्यावर पेंटर म्हणाला, "त्याले रंग नाई लावला ना सर, म्हनून टिकलं." धंद्याच्या विरोधात बोललेला हा पहिलाच पेंटर.

यंदा मी गुत्ता दिला. रंग पातळ होऊ नये म्हणून पहिले दोन दिवस बादलीजवळ खुर्ची टाकून बसलो. तिसऱ्या दिवशी पेंटरनंच चहा सांगितला, आणि खुर्ची आपोआप सावलीत सरकली. काम बरं झालं. प्रश्न उरला तो उरलेल्या मालाचा. मजुरीचं काम असतं तर अर्धी बकेट आपली, माळ्यावर ठेवायची आणि तीन वर्षांनी दगड झालेली फेकायची. गुत्त्यात उरलेला माल पेंटरचा, आणि तो पुढच्या घरी जातो. म्हणून एखाद्या गल्लीत ओळीनं चार घरांच्या संडासाच्या भिंती एकाच रंगाच्या दिसल्या तर समजावं, पहिलं घर गुत्त्याचं होतं. परवा शेजारच्यांनी मला त्यांची नवी मोरी कौतुकानं दाखवली आणि म्हणाले, "सर, असा रंग तुमी बी लावाले पायजे होता."